गावाच्या मोकळ्या जागेवर काम काढण्याआधीची पुरातत्त्व पाहणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गायरान, ई-क्लासची सरकारी जमीन, गावठाणालगतची पडीक जागा, तलावाच्या पाळीखालचा मोकळा तुकडा. विदर्भातल्या गावोगावी अशा जागांवर आता बालोद्यान, ओपन जिम, क्रीडांगण, स्मृतिवन, सभामंडप उभे राहत आहेत. ते व्हायलाच हवेत. गावातल्या लेकरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा लागते. माझे काम पुरातत्त्व पाहणीचे. नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यात मी बरीच वर्षे पायी फिरते आहे. ग्रामपंचायतीत गेले की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

बगीचाच तर करायचा आहे. त्याला पाहणी कशाला?

बगीचा हा शब्द हलका आहे, काम हलके नसते. सगळ्यात आधी जेसीबी येतो आणि जागा सपाट करतो. मग कंपाउंडचा पाया, पेव्हर ब्लॉकची वाट, बोअर, पाइपलाइनची नाली, झाडांसाठी ओळीने खड्डे. घराचा पाया खणला तर चार भिंतींखालचीच माती निघते. सपाटीकरणात मात्र एकराच्या एकर सोलून निघतो, आणि आपल्याकडचे अवशेष बहुतेक वेळा गुडघाभर खोलीतच असतात. कित्येकदा तर वरच पडलेले असतात.

एका गावात मी दोन दिवस उशिरा पोहोचले. तिथल्या गायरानात मोठ्या दगडांचे वर्तुळ, म्हणजे शिळावर्तुळ, जुन्या काळची मेलेल्यांना पुरण्याची जागा, आहे असे कोणीतरी सांगितले होते. गेले तेव्हा तेच दगड बगीच्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ओळीने मांडलेले होते, एकाआड एक चुना आणि गेरू लावलेले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ज्यांनी ते केले त्यांनी मला ती वाट मोठ्या कौतुकाने दाखवली. बाजूला मुरमाचा ढीग होता. त्यात दहा मिनिटे बसले तर कार्नेलियनचा, म्हणजे तांबूस अकीकाचा, अर्धा फुटलेला मणी हाताला लागला आणि बोटाएवढा गंजलेला लोखंडाचा तुकडा. तो मणी कोणाच्या गळ्याजवळ होता, लोखंड डोक्याशी होते की पायाशी, सोबत भांडी किती होती, हे आता कोणालाच कळणार नाही. वस्तू हाती आली, तिचे ठिकाण गेले. दोन दिवस आधी एक चक्कर मारली असती तर बगीचा पन्नास पावले पलीकडे झाला असता. तेच पैसे, तीच झाडे, तीच वाट.

आमच्या आडगावात काय असणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नागपूर-काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याबद्दल १८७९ मध्येच लिहिले होते. ही लोहयुगातली दफने, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. जवळच्या माहुरझरीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तिथे माणसासोबत पुरलेला घोडा निघाला, त्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार निघाले, खंजीर निघाले, कुऱ्हाडी निघाल्या. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. पेंचच्या काठावर त्या काळात लोखंड तयार होत होते, याचा तो हातात धरता येईल असा पुरावा.

आता भंडाऱ्याकडे या. पवनीच्या जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप होता हे १९६९-७० च्या उत्खननात कळले. नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातल्या आडम या लहानशा गावात तटबंदीचे नगर आणि ‘अस्सक जनपदा’चा, म्हणजे त्या नावाच्या प्राचीन राज्याचा, उल्लेख असलेली मुद्रा मिळाली. रामटेकजवळच्या नगरधनला वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिची शंखाचे चित्र असलेली मातीची मुद्रा मिळाली. मनसरच्या टेकडीत वाकाटक राजा प्रवरसेनाच्या काळचे बांधकाम निघाले. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर तर अश्मयुगातली दगडी हत्यारे आहेत.

आडम, नैकुंड, माहुरझरी, नगरधन ही शहरे आहेत का? गावेच आहेत. आणि पवनारला काय झाले ते आठवा. आश्रमाची जमीन खणताना विनोबांना भरत-रामाच्या भेटीची मूर्ती सापडली. शेतीसाठी मारलेल्या कुदळीखाली वाकाटकांचा काळ होता. अगदी अलीकडचे हवे असेल तर सिंदखेडराजा घ्या. २०२४ च्या जूनमध्ये लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या छत्रीजवळ संवर्धनाचे काम सुरू असताना सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. तिथे पुरातत्त्वाची माणसेच काम करत होती, म्हणून ती अलगद निघाली. जेसीबीच्या दातांखाली आली असती तर काय, याचा विचार करवत नाही.

पण सार्वजनिक जागेवरच का भर? अवशेष शेतातही असतीलच की.

असतातच. पण गावाची जमीन गायरान म्हणून का उरली, हे बघा. मुरमाड, चढाची, नांगर न धरणारी होती म्हणून. चांगली काळी जमीन कास्तकाराकडे गेली, उरलेली ढोरांना. लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी पुष्कळदा अशाच मुरमाड उंचवट्याच्या, ओढ्याजवळच्या जागा निवडलेल्या दिसतात. शेतातली वर्तुळे नांगराने आणि धुऱ्याच्या दगडांसाठी केव्हाच मोडली. गायरानातली शाबूत राहिली, कारण तिथे कोणी काही केलेच नाही. म्हणजे आज ज्या जागांवर आपण सगळ्यात आधी काम काढतो, तिथेच जपलेले सगळ्यात जास्त उरलेले आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या चालण्यातून हाती लागलेली ही एक गोष्ट मला सगळ्या सरपंचांना सांगायची असते.

पांढरी म्हणजे काय? आणि रिठीचे गाव?

‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन, ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची. जिथे शेकडो वर्षे माणसे राहिली, मातीच्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलीची राख आणि शेण साठत गेले, तिथली माती फिकट, भुसभुशीत, राखट होते. आजूबाजूच्या काळ्या वावरात ती चटकन वेगळी दिसते, आणि बहुतेक वेळा थोडी उंचावर असते. तिला खताचा गुण असतो म्हणून लोक ती गाड्या भरून नेतात. कित्येक जुन्या वस्त्यांचा अर्धा भाग असाच वावरात पसरला गेला.

रिठी म्हणजे उजाड झालेले गाव. नागपूर विभागातल्या महसुली कागदांत गावाच्या नावापुढे अजूनही ‘रिठी’ लिहिलेले असते. पटकी, दुष्काळ, पाणी आटणे, जुलूम, काही ना काही कारणाने लोक उठून गेले. नाव कागदावर उरले, जमिनीवर एक चिंचेचे झाड, विहिरीचा खड्डा आणि मारुतीचा ओटा. तुमच्या प्रस्तावित जागेच्या सातबाऱ्यावर किंवा गावनकाशावर ‘रिठी’, ‘जुने गावठाण’, ‘पांढर’ असे काही असेल तर तिथेच थांबा आणि मला किंवा माझ्यासारख्या कोणालाही बोलवा.

एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका काकाजींना मी विचारले, “काकाजी, ह्या टेकाडावर कधी कोणी राहत होते का?” ते म्हणाले, “बाई, मी नाही पाह्यलं, माह्या आज्यानंही नाही पाह्यलं. पण तिथं वखर लावला का खापऱ्याच खापऱ्या निघते. म्हणून आम्ही तिले गावच म्हणतो.” कुठल्याही नकाशापेक्षा हे वाक्य माझ्या जास्त उपयोगी पडले.

शिळावर्तुळ ओळखायचे कसे?

एका ओळीत, कधी दोन ओळींत, मोठमोठे दगड गोल मांडलेले. व्यास बहुतेक वेळा दहा ते वीस मीटर. मधली जागा भोवतालपेक्षा थोडी फुगलेली, आत मुरूम आणि लहान दगडांचा भर. सगळे दगड जागेवर असतीलच असे नाही. एका बाजूचे पाच-सहा उरले असले तरी त्यांची वाकडी ओळ दिसते. दगडांवर वाटीसारखे लहान गोल खळगे ओळीने कोरलेले असतील, जुनापाणीच्या काही दगडांवर आहेत तसे, तर शंकाच नको.

पाहायची वेळ महत्त्वाची. एप्रिल-मे मध्ये गवत वाळून बसलेले असते, तेव्हा जा. आणि सकाळी जा, ऊन तिरपे असताना. भर दुपारी जी जागा सपाट दिसते, तीच सकाळी सहाला उंचवट्याची लांब सावली पाडते. मोबाइलवर उपग्रहाचे चित्र मोठे करून पाहिले तरी काही वर्तुळे दिसतात. पंधरा मिनिटांचे काम आहे.

पाहणी म्हणजे उत्खनन का?

नाही. पाहणीत जमीन खणत नाहीत. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, म्हणजे एएसआयची, परवानगी लागते आणि ती संस्थांना, विद्यापीठांना मिळते. गावाने किंवा उत्साही तरुणांनी ‘थोडे खणून बघू’ असे अजिबात करू नये. चांगल्या मनाने खणलेला खड्डाही नुकसानच करतो.

मग पाहणीत नेमके काय करतात?

पहिला भाग घरात बसून होतो. गावनकाशा, सातबारा, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद, जुने जिल्हा गॅझेटियर, सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, उपग्रहाचे चित्र. निस्तार पत्रकात कोणती जागा कशासाठी राखली आहे ते लिहिलेले असते. त्यात मसणवटा, जुनी पाणवठ्याची जागा, देवस्थान असे पुष्कळ कळते. आणि गावातली म्हातारी माणसे. गुराखी सगळ्यात आधी. जागेचा कानाकोपरा त्यांच्याइतका कोणी चाललेला नसतो. म्हाताऱ्या बायकांनाही विचारा. सारवायची पांढरी माती कुठून आणायची, हे त्यांनाच ठाऊक असते.

दुसरा भाग चालण्याचा. समजा जागा दोन हेक्टर आहे, शंभर मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब. दहा माणसे दहा-दहा मीटरवर उभी राहतात आणि एका रेषेत, सावकाश, खाली बघत चालतात. दोनशे मीटर चालायला अर्धा-पाऊण तास लागतो, कारण बोलायचे नाही, घाई करायची नाही आणि आपली रेषा सोडायची नाही. काही दिसले की तिथे काडी रोवायची, वर लाल कापडाची चिंधी. उचलायचे नाही. सगळे चालून झाले की मागे वळून बघायचे. चिंध्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील तर ते बहुधा शेणखतासोबत पसरलेले असते. एका जागी दाट असतील तर खाली काहीतरी आहे. मग त्याच जागेवर आडव्या दिशेने पुन्हा एक फेरी.

तिसरा भाग नोंदीचा. प्रत्येक काडीचे जीपीएस, फोटो, दोन ओळी. निवडक तुकडे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पिशवीत घेतले तर पिशवीत एक चिठ्ठी आणि पिशवीवर एक, दोन्ही पेन्सिलने लिहिलेल्या. पेनाची शाई घामाने आणि दवाने पुसते. गावाचे नाव, खसरा किंवा गट नंबर, तारीख, काडीचा क्रमांक. चिठ्ठी नसलेली खापरी ही नुसती खापरी.

खापऱ्या तर सगळीकडेच असतात. जुन्या कोणत्या?

काडी रोवून झाली की हातात घेऊन बघा आणि परत तिथेच ठेवा. आतून काळी, काठाला काळी आणि बाहेरून खाली लाल अशी खापरी असेल तर लक्ष द्या. भांडे उलटे ठेवून भाजल्याने ते दोन रंग येतात, आणि लोहयुगाच्या जागांवर अशी भांडी पुष्कळ मिळतात. लाल खापरीत उन्हात बारीक चमचम दिसली तर ते अभ्रक. विदर्भातल्या शिळावर्तुळांतून अभ्रक मिसळलेली लाल भांडी भरपूर निघालेली आहेत. जड, काचेसारखे फुगे असलेले काळपट ढेकूळ ही लोखंडाच्या भट्टीची मळी असू शकते. गारगोटीचे, नखाएवढे, धारदार, सारख्या मापाचे तुकडे एका जागी दिसले तर ते अश्मयुगातले असू शकतात. कौलांचे तुकडे आणि आजच्या माठाच्या खापऱ्या ओळखायला एक दिवसाचा सराव पुरतो.

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी जा. माती धुतली जाते, खापऱ्या स्वच्छ होतात, आणि ओल्या मातीवर लाल मणी डाळिंबाच्या दाण्यासारखा उठून दिसतो.

आमची काळी माती आहे. तिथे वर काहीच दिसत नाही, म्हणजे खाली काही नाही ना?

असे समजू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भेगा इतक्या खोल पडतात की हात कोपरापर्यंत जातो. वर पडलेली खापरी भेगेतून खाली जाते, खालची कधी वर येते. म्हणून काळ्या मातीत वर दिसणाऱ्या तुकड्यांची संख्या फसवी असते. अशा जागी आधीच काढलेल्या खड्ड्यांच्या, विहिरीच्या, नाल्याच्या काठांकडे नीट बघावे. नाल्याने कापलेल्या दरडीत राखेचा पट्टा किंवा खापऱ्यांची आडवी ओळ दिसली तर तुम्हाला कोणी न खणता काप मिळालेला आहे.

यंत्राने जमिनीखालचे दिसते म्हणतात. ते आणले तर चालायची गरज नाही?

यंत्रे आहेत आणि उपयोगी आहेत. पण जमिनीत लहरी सोडणारे रडार ओल्या काळ्या चिकणमातीत फार खोल जात नाही; माती लहरी शोषून घेते. चुंबकीय मापन बेसाल्टच्या दगडांमुळे गोंधळते, आणि आपल्याकडे निम्मा दगड बेसाल्टच. ड्रोनचा फोटो मात्र उन्हाळ्यात उत्तम काम देतो. काहीही आणले तरी चालणे सुटत नाही.

कायद्याने ही पाहणी बंधनकारक आहे का?

जागा संरक्षित स्मारक नसेल तर गावच्या छोट्या कामासाठी असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या अर्जात सांस्कृतिक महत्त्वाच्या संरक्षित जागांची माहिती द्यावी लागते, पण गावचा बगीचा त्यात येत नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून आणि अमेरिकेत संघराज्याच्या पैशाच्या कामांसाठी १९६६ च्या कायद्यापासून, बांधकामाआधी जागा तपासण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडेही ती यावी असे मला मनापासून वाटते. तोवर ग्रामसभेचा ठराव हेच आपले हत्यार.

संरक्षित स्मारक जवळ असेल तर मात्र नियम कडक आहेत. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुनापाणीसह विदर्भातल्या अनेक शिळावर्तुळांच्या जागा केंद्र संरक्षित आहेत. निळा फलक गवतात लपलेला असला तरी कायदा लागू असतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे.

आणखी एक. जागा झुडपी जंगल म्हणून नोंदलेली असेल तर ती वन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तिथे पुरातत्त्वाच्या आधी वनखात्याचा प्रश्न येतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींनी सातबारा नीट वाचावा.

काही सापडले तर सरकार जमीन घेईल, आमचे काम कायमचे बंद पडेल. मग गप्प बसलेलेच बरे नाही का?

ही भीती खरी आहे आणि ती मनात धरूनच बरेच दगड रात्रीतून गायब होतात. म्हणून स्पष्ट सांगते. चार खापऱ्या मिळाल्या म्हणून कोणाची जमीन जात नाही. पाहणीत काही निघाले तर बहुतेक वेळा एवढेच होते की नोंद होते, आणि आराखडा थोडा सरकवायला सांगतात. जागा फारच महत्त्वाची निघाली आणि सरकारने ती संरक्षित घोषित करायचे ठरवले, तरी आधी अधिसूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. संरक्षित झाल्याने मालकी आपोआप बदलत नाही. बंधने येतात हे खरे, आणि ती मी लपवणार नाही.

पण हे सगळे कागदावर असताना कळले तर सोपे असते. अंदाजपत्रक मंजूर झाले, वर्क ऑर्डर निघाली, मार्चअखेर तोंडावर आली, आणि मग खड्ड्यात काही निघाले, तर खरी अडचण होते. ठेकेदाराचे दिवस जातात, निधी परत जाण्याची टांगती तलवार असते. म्हणून माझी एकच विनंती असते: अंदाजपत्रकाच्या आधी पाहणी.

किती दिवस लागतात? खर्च किती?

दोन-पाच एकर जागेला कागद बघायला एक दिवस, चालायला एक सकाळ, टिपण लिहायला एक दिवस. विद्यापीठाची मुले आली तर त्यांच्या जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोय करावी. वांग्याची भाजी आणि भाकरी पुरते.

कोणाला कळवायचे?

नागपूरला एएसआयचे मंडळ कार्यालय आहे आणि उत्खनन शाखाही आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे नागपूरला सहायक संचालक आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. जुन्या उत्खननांचा मोठा भाग त्याच विभागाने केलेला आहे. पत्र ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सोबत ठराव, गावनकाशाची प्रत आणि चार-सहा फोटो. फोटोत माप कळावे म्हणून शाळेच्या कंपासमधली पट्टी ठेवा. प्रत तहसीलदारांना. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेल्या पत्राचा मी एकदा पाच महिने माग काढला आहे.

खणताना गुप्तधन निघाले तर?

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. लपवले तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवले तर कायद्यात सापडणाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि सरकारने वस्तू ठेवून घेतली तर मोबदल्याची तरतूद आहे.

नाण्यांचा गाडगा मिळाला तर गाडग्यासकट राहू द्या. नाणी चिंचेने घासून चमकवू नका. घासताना अक्षरे जातात, आणि अक्षरांशिवाय ते नाणे कोणाचे हे सांगता येत नाही. गुप्तधनासाठी रात्री खणणारे आणि त्यांच्यासोबत येणारे मांत्रिक यांनी विदर्भातल्या किती जागा पोखरल्या आहेत ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिळावर्तुळात सोन्याचे हंडे नसतात. हाडे, भांडी आणि लोखंड असते.

मूर्ती निघाली तर देवळात बसवता येईल का?

भावना मी समजते. मूर्ती निघाली की तासाभरात हळदकुंकू येते, नारळ फुटतो. माझे एवढेच म्हणणे: शेंदूर आणि तेल लावू नका, आणि निघाली त्या जागेचे फोटो काढल्याशिवाय हलवू नका. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी लागते. ती गावात ठेवायची की संग्रहालयात न्यायची हे जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व विभाग ठरवतात. गावाने सुरक्षित जागा दाखवली आणि लेखी मागणी केली तर बोलणी होऊ शकतात. वीरगळ आणि सतीशिळा देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात, त्यांवर कपडे वाळत घालतात. त्यांचीही नोंद आजच करून घ्या.

अवशेष असतील तर बगीचा होऊच शकत नाही का?

होऊ शकतो, आणि माझ्या मते छान होऊ शकतो. अवशेषांचा भाग मोकळा सोडायचा, तिथे खोल मुळांची झाडे लावायची नाहीत, गवत चालते. बाजूने वाट काढायची असेल तर खणायची नाही. वरून मातीचा भर टाकून त्यावर वाट. बाके काँक्रीटमध्ये गाडण्याऐवजी वर ठेवायची. बोअर, शौचालय, विजेचे खांब पलीकडच्या बाजूला. जागा संरक्षित असेल किंवा तिच्या नियंत्रित हद्दीत असेल तर यातली कोणतीही गोष्ट परवानगीशिवाय करायची नाही. वर्तुळापाशी एक साधा फलक, शाळेतल्या मुलांनी लिहिलेला. गुरुजींनी वर्षातून एक तास तिथे घ्यावा. जिथे असे झाले आहे तिथे मुलेच दगडावर बसणाऱ्यांना उठवतात.

उद्या सकाळी जेसीबी लागणार आहे. आज काय करू?

आज संध्याकाळी सचिव आणि सरपंच यांच्याशी बोला आणि एक सकाळ मागून घ्या. एकच. पहाटे सहाला दहा माणसे जमवा: गुराखी, पोलीस पाटील, बचत गटातल्या दोन-तीन बाया, आठवी-नववीची पोरे, आणि ऑपरेटरलाही सोबत घ्या. हातभर लांबीच्या काड्या, लाल कापडाच्या चिंध्या, एक वही, दोन पेन्सिली, मोबाइल. वर सांगितले तसे रेषेत चाला. दगडांची गोल ओळ, राखट मातीचा पट्टा, खापऱ्यांचा दाट ठिपका दिसला तर काडी रोवा, फोटो काढा, आणि त्या जागेभोवती चुन्याने मोठे वर्तुळ आखून घ्या. ऑपरेटरला ते वर्तुळ हात धरून दाखवा; काम त्या दिवशी दुसऱ्या टोकापासून सुरू करायला सांगा. मग त्याच फोटोंसह नागपूरला पत्र आणि फोन. मशीन चालू असताना एक माणूस बादलीपाशी उभा राहू द्या, ज्याला सगळे ओरडून थांबवायचा अधिकार ग्रामपंचायतीने दिलेला आहे. काळ्या-लाल खापऱ्या, हाडे, गोल मांडलेले दगड किंवा विटांची ओळ दिसली की त्याने हात वर करायचा.